वळणावर उतरणारे अप्पा

"नवा टायर निसरडा कसा असंल, अप्पा? जुना पार गोटा झाला हुता, तरी कधी घसरला न्हाई. ह्याला तर केवढी खोल नक्षी हाय."

सिद्रामाने हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. अप्पांनी तिसऱ्यांदा ऐकून घेतलं.

अप्पा म्हणजे आजऱ्याकडच्या डोंगरावरल्या मठाचे मुरगय्या स्वामी. लहानथोर सगळे त्यांना अप्पाच म्हणत. सिद्राम त्यांचा शिष्य. अप्पांना कुठं जायचं झालं की आपल्या मोटारसायकलवरून तोच नेई. आज घाट उतरून खाली एका भक्ताच्या घरी पूजेला जायचं होतं, आणि दोघे घाटाच्या तोंडाशी चहाला थांबले होते.

दोन्ही टायर कालच नवे बसवले होते. टायरवाल्याने पाना खाली ठेवता ठेवता बजावलं होतं, "पहिलं शंभरभर किलोमीटर दमानं घ्या. नव्या रबरावर तुळतुळीत थर असतोय. तो झिजूस्तोवर पकड येत न्हाई. वळणावर गाडी तिरकी झोपवू नका, करकचून ब्रेक मारू नका."

"हे पोरासोरांना सांगा," सिद्राम म्हणाला होता.

टायरवाल्याच्या बाकड्यावर बसलेल्या अप्पांनी मान डोलावली होती. ती कुणाच्या बोलण्यावर डोलली, हे सिद्रामाने पाहिलं नाही. आपल्याच असणार, असं धरून तो मोकळा झाला. शिष्यांची ही जुनी सवय आहे.

"अप्पा, बोला की कायतरी," आता चहा संपवत सिद्राम म्हणाला.

"नवं पायताण घालून मठाच्या फरशीवर कोण पडलं हुतं?"

"ते पायताण झालं. हा टायर हाय."

"बरं," अप्पा म्हणाले आणि गाडीवर बसले.

मठाचा कारभार बघणारे बाळगोंडा पाटील सकाळी निघतानाच जीप घेऊन मठाच्या दारात उभे होते. "अप्पांचं वय झालं. आता मोटारसायकल बास," त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं. सिद्रामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढ्या वर्षांत अप्पांच्या अंगावर ओरखडा उठू दिला नाही, असं तो बोलून गेला. "मग आज शेवटचं बघू," पाटील म्हणाले. "आज काय कमीजास्त झालं, तर उद्यापासनं जीप."

सिद्रामाला जीपचं वाईट वाटण्याचं कारण वेगळंच होतं. मठात अप्पा सगळ्यांचे असत. गाडीवर मात्र ते त्याच्या एकट्याचे असत. कधी बोलत, कधी पाठीवर डोकं टेकून डुलकी घेत. ते गेलं, तर मठात राहून तरी काय करायचं, असं त्याला मनापासून वाटे.

पहिलं वळण आलं. खांद्यावर टिचकी पडली.

"थांबीव."

"काय झालं?"

"वळण आलं. चालत येतो."

अप्पा उतरले, घोंगडं सावरलं आणि रस्त्याच्या कडेने चालू लागले. सिद्राम गाडी वळणापलीकडे घेऊन थांबला. अप्पा आले, बसले. गाडी निघाली.

दुसरं वळण. पुन्हा टिचकी.

"अप्पा, भ्या वाटतंय काय?"

"मरणाचं न्हाई वाटत. हाडं मोडायचं वाटतंय."

तिसऱ्या वळणावर सिद्रामाने गाडी थांबवली, पण त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"माझ्यावर भरवसा न्हाई काय तुमचा?"

"हाय की."

"मग?"

"तू वळणावर रोजच्यासारखीच गाडी झोपवणार, असा पक्का भरवसा हाय."

आणि अप्पा चालू लागले.

नेमकी तेव्हाच मागून पाटलांची जीप आली. आत मठातलीच माणसं होती. गुरू पायी चाललाय आणि शिष्य पुढे गाडीवर बसून वाट बघतोय, हे सगळ्यांनी डोळे भरून पाहिलं. पाटलांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अप्पा, जीपमधी या."

"पाय मोकळं करतोय. तुमी व्हा पुढं."

"पण..."

"पूजेची तयारी बघा. आमी येतो."

जीप सिद्रामाजवळून गेली. कुणी हसलं असतं तरी त्याला बरं वाटलं असतं.

पुढचं वळण मोठं होतं, डोंगराच्या सावलीतलं. रस्ता दवाने ओलसर होता. अप्पा उतरले. आज एकदा दाखवायचंच, असं सिद्रामाने ठरवलं. मागून चालत येणाऱ्या म्हाताऱ्याला दिसलं पाहिजे, गाडी कशी जाते ते. त्याने वेग धरला आणि वळणावर गाडी नेहमीसारखी झोपवली.

मागचं चाक घसरलं.

फार काही झालं नाही. चाक बाहेरच्या अंगाला सरकलं, गाडी हिसडली, त्याने पाय टेकला. वहाणेचा अंगठा तुटला. गाडी कठड्यापाशी जाऊन बंद पडली. कठड्यापलीकडे खाली झाडांचे शेंडे दिसत होते.

सिद्रामाचा हात आपोआप मागे गेला, अप्पांना धरायला. मागची सीट रिकामी होती.

तो गाडीवरून उतरला. त्याला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त लाज वाटली. ते मागे बसले असते, तर... त्याने पुढचा विचार केला नाही. त्याला तो करवला नाही.

वळणावरून अप्पा आले. डांबरावरची काळी रेघ त्यांनी पाहिली, तुटलेली वहाण पाहिली. गाडीजवळ येऊन ते नेहमीसारखे बसायला लागले.

"बसू नगा, अप्पा."

"का?"

"घसरली. माझ्याच हातनं. टायरवाला सांगत हुता, मी ऐकलं न्हाई." त्याने खिशातून फोन काढला. "पाटलांना लावतो. जीप मागं बोलावतो."

"मग उद्यापासनं?"

सिद्रामाने फोनवरच्या पाटलांच्या नावाकडे पाहिलं.

"जीपनंच जात जावा," तो म्हणाला. "टायरचा थर झिजंल हळूहळू. माझं काय सांगता येत न्हाई."

अप्पांनी त्याच्या हातातला फोन घेतला आणि आपल्या बंडीच्या खिशात टाकला. मग खांद्याचा आधार घेऊन गाडीवर बसले. सिद्रामही बसला. त्याने गाडी सुरू केली, गिअर टाकला, आणि माणसाच्या चालीने निघाला. हँडल त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

थोड्याच अंतरावर पुढचं वळण दिसलं. टिचकी पडायच्या आधीच त्याने गाडी उभी केली.

"वळण आलं, अप्पा."

"दिसतंय मला."

"उतरताय न्हवं?"

अप्पांनी घोंगडं मांडीखाली नीट दाबून घेतलं.

"आता कशाला उतरू?" ते म्हणाले. "चल."