घागरमाळावरची कॉफी

घागरमाळाची चढण संपली की डाव्या हाताला दगडांचं एक गोल कुंपण दिसतं. छातीइतकं उंच, आणि त्याला दार नाही. पडलं-बुजलं असं नाही, बांधताना ठेवलंच नव्हतं. खालच्या ओढ्याकडच्या अंगाला मात्र ते पार उघडं आहे आणि तिथले दगड उतारावर अजून विखुरलेले आहेत. कुंपणाच्या आत आणि भोवताली, जांभळीच्या सावलीत, कॉफीची झाडं. बाकी सगळा माळ गवताचा, आमच्या म्हशींचा. गाविलगडच्या डोंगरात असे माळ पुष्कळ. पण गवळ्यांच्या कुरणात कॉफी आली कुठून, हे इथं येणारा प्रत्येक जण विचारतो. विचारताना त्याचा हात झाडाकडे गेलेला असतो. तो हात आधी खाली घ्या, मग सांगते.

तुमच्यासारखे शिकलेले लोक येतात आणि उलट मलाच जगभरच्या कॉफीच्या गोष्टी ऐकवतात. हबशांच्या मुलखात म्हणे शेळ्यांनी लाल फळं खाल्ली आणि त्या नाचायला लागल्या. जन्म गुरांत गेलेल्या बाईला हे सांगायचं! शेळी काहीही खाते आणि कशानंही नाचते. येमेनातले व्यापारी म्हणे बी उकडून किंवा भाजून विकत, दुसऱ्या कुणाच्या जमिनीत ते रुजू नये म्हणून. मग कुणी ते अंगरख्यात दडवून आणलं. तिकडे ब्राझीलला म्हणे एका मोठ्या अधिकाऱ्याच्या बायकोनं फुलांच्या गुच्छात रोपं लपवून दिली. एवढ्या प्रेमानं का दिली, ते कुणी सांगत नाही. सगळ्या देशांच्या गोष्टी ऐकल्या की एकच कळतं. जिथं जिथं कॉफी आहे, तिथं पहिलं बी कुणीतरी लपवलेलं आहे. आमच्या माळावरचं बी कुणी लपवून आणलं नाही. ते आम्हाला दिवसाउजेडी, चारचौघांत, फुकट दिलं गेलं. म्हणून तर ते जास्त वाईट.

असं सांगतात की फार पूर्वी, खालच्या किल्ल्यावर किल्लेदार असायचा तेव्हा, या माळावर गवळ्यांची पंधरा-वीस घरं होती. त्यांचा कारभारी भगोजी. त्याचा मुलगा लखाजी, आणि लखाजीची बायको गुणाई. लखाजी कमी बोलणारा, कुणाच्याही कामाला धावणारा. गुणाईचा स्वभाव उलटा. पाहुण्यानं ताक चांगलं म्हटलं तरी ती विचारायची, "काहून? काय पायजे?"

किल्ल्यावर दरसाल समुद्राकडून एक सौदागर यायचा. बैलांवर बुंदाची पोती असायची. बुंद म्हणजे कॉफीचं बी. आपल्याकडे जुनी माणसं हाच शब्द वापरत. एके वर्षी, थंडी पडायला लागली तेव्हा, तो किल्ल्यावर न थांबता थेट माळावर चढून आला. वाट दाखवायला लखाजी गेला होता, म्हणून त्याला त्यानं एक तांबडा शेला दिला. मग सगळ्यांपुढं पोतं ठेवून म्हणाला, "हे बी तुम्हाला फुकट. या माळावर लावा. होळीनंतर मी येईन. रोपं उभी असली तर माळ तुमचा, आणि पुढं पिकेल तेवढं सगळं मी तुपाच्या भावानं उचलीन. काही उगवलंच नाही, तर माझं पोतं वाया गेलं म्हणून माळ माझा. किल्लेदाराची संमती आहे."

गवळ्यांना शेतीचं काय कळणार? ज्याला म्हशीमागं फिरायचं ठाऊक, त्याला वाटतं की बी मातीत टाकलं की उगवतंच. भगोजीनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवून शब्द दिला. आमच्यात तो शब्द मागं घेता येत नाही. मागं घेतला तर ती म्हैस दूध देत नाही, असं मानतात.

गुणाईनं एवढंच विचारलं, "मामाजी, फुकटचं पोतं कोनी डोंगर चढून आनून देते का?"

"तू तं आपल्या सावलीलेबी पुसशील, का माह्या मागं काहून येतं म्हनून," भगोजी म्हणाला, आणि सगळे हसले.

आता पुढं जे झालं ते फक्त गवळ्याच्याच घरी होऊ शकतं. आमच्याकडे म्हशींसाठी सरकी भिजत घालतात. त्या संध्याकाळी घरातल्या कुणीतरी सरकीच्या टोपलीत पोत्याच्या तोंडचं दोन ओंजळी बुंदही टाकलं. नवीन प्रकारची सरकी असेल, असं समजून! गुणाईच्या लक्षात आलं तोवर टोपली पाण्यात होती. ती ओरडली, पण काढून टाकलं नाही. ओल्या गोणपाटाखाली तसंच ठेवलं. तीन-चार दिवसांत सरकीला पांढरे मोड आले. बुंद मात्र बुळबुळीत झालं, त्याला वास सुटला. म्हशीनं नाक लावलं आणि तोंड फिरवलं.

दुसरी एखादी म्हणाली असती, नाजूक बी असेल, उशिरा उगवत असेल. गुणाई म्हणाली, "जितं बी पान्यात वाट पाहते. मेलेलं कुजते. त्यानं बी उकडून देल्लं आपल्याले."

कुणी ऐकेना. भगोजी म्हणाला, "तुमीच म्हशीच्या टोपलीत घालून नासवलं, आन् नाव सौदागराचं." आणि खरंच, सौदागरही उद्या हेच म्हणाला असता. शब्द गेला होता. म्हणजे माळ वाचवायचा तर एकच उपाय होता. होळीपर्यंत या मातीतून हिरवं काहीतरी वर आलं पाहिजे.

तेव्हा गुणाईनं अख्खं पोतं अंगणात ओतलं. व्यालेल्या म्हशीसाठी ज्वारी शिजवताना घाईनं गच्च भरलेला हंडा कडेला शिजतो आणि मध्ये कच्चा राहतो, हे आमच्या पोरीसोरींनाही ठाऊक असतं. सौदागरानं पोतं तसंच्या तसं उकळत्या पाण्यात बुडवलं असणार, असा तिचा तर्क. कडेचे दाणे मळकट, काळपट. आणि पोत्याच्या अगदी पोटात, म्हणे, दोन मुठी दाणे सालासकट होते, निळसर हिरवे. तिनं ते पदरात बांधले आणि कुणाला दाखवले नाहीत. सासऱ्यालाही नाही. नवऱ्यालाही नाही.

माळाच्या खांद्यावर एक झरा होता. तिथं तिनं वाफा केला आणि बी पेरलं. भोवती एकटीनं दगड रचून हे कुंपण उभं केलं. दार ठेवलं नाही, कारण दार ठेवलं की कुणीतरी आत येणार. ती स्वतः दगडांवरून चढून आत उतरायची. म्हशींचं दूध काढायला खाली जायची तेवढीच काय ती बाहेर. बाकी वेळ आतच. बायका विचारायच्या, "माय व, अंडी उबवून राह्यली का?" ती दगड उचलून दाखवायची.

लखाजीनं एकदा कुंपणाबाहेरून विचारलं, "मी येऊ का आत? मी पानी घालतो."

"तुमच्या डोक्यावर शेला कोनाचा हाये?" गुणाई आतून म्हणाली. तो परत गेला. पुन्हा त्यानं विचारलं नाही.

महिना गेला. काही उगवलं नाही. ऊन वाढलं. झरा बारीक झाला, मग बोटभर झाला, मग नुसती ओल राहिली. पण वाफा मात्र दर सकाळी, ती दूध काढून परत यायची तेव्हा, ओला असायचा. ती समजायची, दंव असेल. मग एक दिवस तिला कुंपणाबाहेर पावलं दिसली. उघड्या, रुंद पायांची, ओढ्याकडून आलेली आणि ओढ्याकडं गेलेली. त्या पायाचा वाकडा अंगठा तिच्या ओळखीचा होता.

इथं सगळं फिरलं. संशयाला एकदा खरं ठरायची चव लागली की तो थांबत नाही. सौदागर लबाड निघाला, म्हणजे त्याचा शेला घेणाराही लबाड. तिच्या मनानं एका क्षणात जुळवून टाकलं. हा रोज येतो आणि कढत पाणी ओततो. राहिलेलं जितं बीही उकडतो.

तिनं सगळी वस्ती गोळा केली आणि लखाजीला मध्ये उभं केलं. असं सांगतात, त्या दिवशी तिनं नवऱ्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं.

"सौदागरानं तुले काय देल्लं रे? एक शेला? तेवढ्यात माळ इकला?"

लखाजी म्हणाला, "गुणे, मी..." आणि थांबला. चार लोकांत त्याला बोलता येत नसे.

"पाह्य! बोलताबी येत नाई. तू त्या पोत्यातलाच हाये, उकडलेला. तुह्यापासून काई उगवलं नाई, उगवनारबी नाई."

त्या दोघांना मूल नव्हतं. वस्तीत कुणी हसलं नाही. लखाजीनं तिच्याकडं पाहिलं, मग वाफ्याकडं पाहिलं, आणि ओढ्याच्या वाटेनं उतरून गेला. भगोजीनं हाक मारली. तो वळला नाही.

दुसऱ्या सकाळी गुणाई दूध काढून परत आली, तर वाफा कोरडा. त्याच्या पुढच्या सकाळीही कोरडा. मातीला भेग पडली. पावलांच्या मागं मागं ती ओढ्यापर्यंत उतरली. ही खालची वाट तुम्ही पाहिलीत ना? रिकाम्या हातानंही दम लागतो. ओढ्याच्या काठी एक घागर पालथी घातलेली होती. तिच्यावर तो तांबडा शेला. पीळ देऊन गोल वळलेला, चुंबळ करून. ओला होऊन होऊन त्याचा रंग पार उतरला होता. डोक्यावर घागर ठेवायला त्याला चुंबळ पाहिजे होती. शेल्याचा त्यानं एवढाच उपयोग केला होता.

म्हणे तिथं ती रडली नाही. तिनं घागर भरली, तीच चुंबळ डोक्यावर ठेवली आणि चढायला लागली. कुंपणाशी आली, पण भरली घागर घेऊन दगडांवरून चढता येईना. लखाजी रोज बाहेर उभा राहून, हात लांबवून, वरून पाणी ओतत असणार. तेव्हा तिनं घागर खाली ठेवली आणि ओढ्याकडच्या अंगाचे दगड दोन्ही हातांनी ओढून पाडले. नखं फुटली तरी थांबली नाही. तीच ही फट. पुढं कित्येकदा लोकांनी ती बुजवायला घेतली, पण वस्तीनं बुजवू दिली नाही. त्या दिवसापासून ती रोज त्याच वाटेनं पाणी वाहू लागली. म्हणून हा घागरमाळ.

आणि होळीच्या तोंडावर माती फुटली. कॉफीचं रोप कसं उगवतं, कुणी पाहिलंय? ते आधी पान काढत नाही. नुसती एक दांडी वर येते, सरळ, आणि तिच्या डोक्यावर ते बी तसंच, सालासकट असतं. ओझं घेतलेल्या माणसासारखं. असा अख्खा वाफा उभा राहिला. गुणाईनं ते पाहिलं आणि मगच ती रडली. लोक म्हणतात, त्याआधी हे बी असं उगवत नव्हतं. एक शिकलेले गृहस्थ मला म्हणाले, आजी, सगळ्या जगात ते असंच उगवतं. मी म्हटलं, मग सगळ्या जगाला आमच्या लखाजीची आठवण असेल.

सौदागर ठरल्याप्रमाणं आला. रोपं पाहून त्याचा चेहरा उतरला. एक रोप उपटून त्यानं मूळ खरं आहे का ते पाहिलं. म्हणाला, "हे माझ्या बियाचं नाही. चोरीचं आहे."

भगोजी आता पुढं झाला. "तुह्याच पोत्यातलं हाये, शेठ. पन तुले कसं गा ठाऊक, का तुह्या बियाचं उगवत नाई?"

सौदागर बैल वळवून गेला. पुन्हा आला नाही. माळ वाचला, म्हशी वाचल्या, आणि कॉफी राहिली.

लखाजी आला नाही. कुणी म्हणतात, तो खाली वऱ्हाडच्या सपाटीवर कुणाच्या म्हशी राखत राहिला. कुणी म्हणतात, वाघानं नेला. मला दोन्ही खरं वाटत नाही. गुणाई म्हातारी होईपर्यंत पाणी वाहत होती, रोपांना गरज नसतानाही. मरताना तिनं वस्तीकडून एक वचन घेतलं, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून.

तेच आजही चालतं. आमच्यात सोयरीक असो, भागीदारी असो, कुणाचा शब्द घ्यायचा असला की आधी त्याच्याकडचं ताजं बुंद मागतात आणि मडक्यात ओल्या मातीत घालतात. उगवायला दीड-दोन महिने लागतात. तोवर कुणी हो म्हणत नाही. आणि तोवर कुणी दोषही देत नाही, मनात कितीही आलं तरी. पोरं चिडतात, घाईची लग्नं मोडतात. मोडू देत.

आणि मडकं राखायला ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच घरी देतात. पाणी त्यानंच घालायचं. मला विचाराल तर हा नियम साफ चुकीचा आहे. कोल्ह्याला कोंबड्या राखायला देण्यासारखा. मी तसं पंचांत उभं राहून सांगितलंसुद्धा. पण गुणाईचा शब्द आहे, म्हणून पाळते.

तुम्ही आमची कॉफी शहरात नेऊन विकायचं म्हणता, भाव चांगला देऊ म्हणता. तुमचे डोळे मला आवडलेले नाहीत. आधी तुमचं बी द्या. आणि हे घ्या मडकं. सांभाळून न्या, उतार आहे.