बेचाळिसावी खुंटी

भुजंगसेन सम्राटाच्या दरबारात एक भिंत होती. जिंकलेल्या एकेचाळीस राजांच्या पगड्या तिथे खुंट्यांना टांगलेल्या. खिडक्या बंद असल्या तरी त्या हळूहळू हलायच्या, आणि सम्राट बोलू लागला की सगळ्या थांबायच्या. जणू कान देऊन ऐकताहेत.

नदीपलीकडच्या धामणवेलच्या तरुण राजाने पाचवा किल्ला बांधला, तसं सम्राटाला अन्न गोड लागेना. त्याने धामणवेलचे वकील, म्हातारे तिमाजीपंत, यांना बोलावून घेतलं आणि भिंतीवरची नवी, रिकामी खुंटी दाखवली.

"तुमच्या राजाला सगळे किल्ले पाडायला सांगा. नाहीतर ही खुंटी त्याच्या पगडीची वाट पाहते आहे."

पगड्या थांबल्या.

तिमाजीपंतांनी खुंटी निरखून पाहिली. "महाराज, या एकेचाळीस खुंट्या कधी ठोकल्या होत्या?"

"लढाई जिंकल्यावर."

"आणि ही आधीच ठोकलीत! आमच्याकडे रिकामा पाळणा हलवत नाहीत, तशी पगडीची खुंटीही रिकामी ठेवत नाहीत. ती भुकेली असते. आमचा राजा तर इथून चार दिवसांच्या वाटेवर. तिला तेवढा धीर निघेल का?"

सम्राटाचा हात नकळत स्वतःच्या पगडीकडे गेला. भिंतीवरच्या एकेचाळीसही पगड्या त्याच्याकडे वळल्या होत्या.

त्याच दिवशी खुंटी उपटली गेली आणि तहाचा खलिता धामणवेलला निघाला. भिंतीत भोक मात्र राहिलं. पुढे जन्मभर सम्राट त्या भिंतीजवळून जाताना पगडी दोन्ही हातांनी धरून जायचा.