आवडूआयेचा उलटा डाव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, मी तेव्हा नव्हतो आणि जे होते ते सांगायला उरले नाहीत. खाडीच्या मधोमध एक जुवा होता. खाडीतल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. त्यावर दोन वाड्या, पूर्वेला उगवतवाडी आणि पश्चिमेला मावळतवाडी. मधे गोड्या पाण्याची एकच बाव, म्हणजे विहीर. आणि त्या बावीजवळ राहायची आवडूआये.

आवडूआये हुतूतूची पंच होती. तरुणपणी तिचा दम असा होता, की ओहोटीला हुतूतू म्हणत होडीत बसायची, पलीकडच्या बाजारातून मीठ-मिरची घेऊन भरतीला परत यायची आणि दम तुटलेला नसायचा, असं म्हणतात. भाव कसा केला ते कोणी सांगत नाही.

जुव्यावरचे गडी दिवसभर हुतूतू खेळायचे आणि रात्रभर त्यावरून भांडायचे. इकडे खाडी काठ खात होती. कांदळाची, म्हणजे खारफुटीची, झाडं लावली तर माती धरून राहील हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण गुडघाभर चिखलात उतरायचं कोणी? एक दिवस बाव खारी होईल आणि जुवा सोडून जावं लागेल, ही आवडूआयेला धास्ती. शेवटी तिने नियम काढला. जी वाडी हरेल, तिने आपल्या काठाला कांदळाच्या शेंगा रोवायच्या.

मावळतवाडीत झिलू कुबल नावाचा गडी होता. तो जांभई देतानासुद्धा दोघांना बाद करायचा, असं म्हणतात. त्यामुळे उगवतवाडी दरसाल हरली, दरसाल चिखलात उतरली, आणि मावळतवाडी काठावर बसून हसली.

मग एका वर्षी मोठं उधाण आलं. मावळतवाडीचा काठ माडांसकट गेला, खेळायचं अंगण गेलं, पाणी बावीच्या अगदी जवळ येऊन थांबलं. उगवतवाडीचा मात्र एक ढेकूळसुद्धा हललं नाही. शिवाय तिथल्या कांदळात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, इतक्या माजल्या होत्या, की घरात शिरून चुलीजवळ रांगेत बसायच्या, असं म्हणतात. मी कमीच करून सांगतोय.

पुढच्या डावाला मावळतवाडी हरायचंच ठरवून आली. आणि कुर्ल्यांची चटक लागलेली उगवतवाडीही जिंकायला तयार नव्हती.

झिलू चढाईला गेला आणि सरळ समोरच्या गड्याच्या मांडीवर जाऊन बसला. गडी ओरडला, "सोड माका! मी तुका धरूचंय नाय!" झिलूने तोंड मिटून घेतलं. एरवी दम तुटला म्हणून डोकी फोडणारी उगवतवाडीची माणसं आता शपथा घ्यायला लागली.

"आवडूआये, तेचो दम तुटलोच नाय! देवाची शपथ!"

"माझो दम कवाच तुटलो गो आये, माका बाद कर!" झिलू रडकुंडीला आला.

सूर्य मावळला तरी एकही गुण झाला नाही. आवडूआये उठली. ती इतकी चिडली होती की खाडीतले मासे तळाशी गेले, असं म्हणतात.

"मेल्यांनो, बाव एकच आसा. ती खारी झाली तर तुमी सगळे काय पितलास? आता आयका. जो हरतलो, तो जिकणाऱ्याच्या काठार कांदळ लावतलो."

 मग झिलू मांडीवरून उठला, लंगोट आवळला आणि असा खेळला की उगवतवाडीचे निम्मे गडी थेट चिखलातच जाऊन पडले. शेंगा रोवायला तिथूनच सुरुवात झाली. दोन-चार पावसाळ्यांत मावळतीला कांदळ उभं राहिलं आणि पाणी मागे हटलं.

आवडूआये गेली, पण तिचा दम तुटला असं जुव्यावर कोणी म्हणत नाही. ती पलीकडच्या अंगणात चढाईला गेलीय, एवढंच म्हणतात. मला ते खरं वाटतं.

आजही पावसाळा सरला की तिच्या नावाने हुतूतू होतो. हरलेली वाडी जिंकलेल्यांच्या काठाला शेंगा रोवते. चिखलाने भरलेले गडी वर आले की जिंकलेले बावीचं पाणी काढून त्यांचे पाय धुतात आणि पहिला तांब्या त्यांनाच देतात. हरलेल्याने पाणी पिऊन "गोड आसा" म्हटलं, की मगच जिंकलेल्यांची जीत धरतात. हरलेले मुद्दाम घोट घोट पितात, मान हलवतात, पुन्हा तांब्या भरून मागतात. जिंकलेले हात जोडून उभे असतात.

पण "खारा आसा" असं अजून कोणी म्हटलेलं नाही.