पित्ताशयाची संमती

सन १९८७, डिसेंबर महिना, ऐन कडाक्याची थंडी. विद्यापीठात आरोग्यविषयक कायद्याच्या प्राध्यापकपदासाठी कुमुदिनी रेगे मुलाखतीस बसल्या. अध्यक्ष होते नामांकित शल्यविशारद डॉ. चितळकर.

"बाई, शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची सही घेतली की कायदा संपला. तुमच्या विषयाची गरजच काय?"

अकरा वर्षांचा अभ्यास पणाला लागला होता. बाईंनी शांतपणे एक कागद पुढे केला. "यावर आपली एक सही हवी होती."

डॉक्टरांनी सवयीप्रमाणे न वाचताच झोकात सही ठोकली.

"हे आपल्याच रुग्णालयाचे संमतिपत्र. आपण स्वतःचे पित्ताशय काढण्यास मान्यता दिलीत. खुर्चीत बसून आपण वाचले नाही, तर खाटेवर कळवळणारा काय वाचणार?"

बाईंच्या नेमणुकीचे पत्र मात्र डॉक्टरांनी दोनदा वाचले आणि मगच सही केली. तो दिवस सोमवार, एकवीस डिसेंबर.