देमतीचा वीरगळ

विषय: खिंडीत लढून मेलेल्या देमतीच्या नावे वीरगळ उभारून मिळणेबाबत. अर्जदार: तिची आई म्हाळाई, राहणार खिंडीचा पायथा.

एकदा काय झालं, गावावर शत्रू चालून आला. गावचे शूर पुरुष नेमके शेजारगावी लग्नाच्या पंगतीत बसले होते. मग म्हाळाईची देमती एकटीच तलवार घेऊन खिंडीत उभी राहिली. तीन दिवस तिनं कुणाला आत येऊ दिलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी शत्रू कंटाळून परत फिरला आणि देमती पडली.

पडली म्हणजे मेली, बरं का. त्या राज्याचा नियम असा, की लढून मेलेल्याची लढाई दगडावर कोरून तो दगड उभा करायचा. मग अप्सरा येऊन त्याला स्वर्गात नेत. त्या दगडाला म्हणायचं वीरगळ. दगड होईतोवर मेलेल्यानं जागच्या जागी उभं राहायचं. बसायची परवानगी नव्हती. देमती उभी राहिली. तिचे पाय सुजले. म्हाळाई रोज जाऊन ते चेपायची, पण हाताला नुसता वारा लागायचा.

मग म्हाळाई पाटलाकडे गेली. पाटील म्हणाला, बाईला सतीचा दगड मिळतो. नवऱ्यामागं जळाली असेल तर उद्याच देतो. म्हाळाईनं सांगितलं, लग्नच झालं नव्हतं. पाटलाला मनापासून वाईट वाटलं.

"पाटील, डुकराशी झुंजून मेला त्या कुत्र्याचा वीरगळ आहे वेशीपाशी."

"तो कुत्रा होता, म्हाळाई. कुत्री नव्हती."

मग ती प्रधानाकडे गेली. प्रधान अभ्यासू माणूस. त्यानं अर्ज दोनदा वाचला. म्हणाला, पुरुषाला न्यायला अप्सरा येतात. बाईला न्यायला कुणी यावं, याची तरतूद दिसत नाही.

मग ती राजाकडे गेली. राजा शूर स्त्रियांचा मोठा भक्त. महालभर सातासमुद्रापलीकडच्या राण्यांची चित्रं. कुणी रथातून बाण सोडतेय, कुणी घोड्यावरून शहर जिंकतेय, कुणी गलबतांचा ताफा घेऊन निघालीय. राजानं म्हाळाईला एकेका चित्रापुढं उभं करून माहिती सांगितली.

"अशी एखादी आपल्याकडे जन्मायला हवी होती," तो म्हणाला.

"जन्मली होती, महाराज. तिला आता बसायचंय."

मग राजानं अर्ज इंद्राकडे पाठवला. अप्सरांबाबत खुलासा मागवला.

खुलाशाची वाट बघत म्हाळाई म्हातारी झाली आणि अंथरुणात मेली. साधं मरण, त्याला दगड लागत नाही. ती थेट वर गेली. खिंडीत थांबते म्हणाली, पण तशी मुभा नव्हती. आता देमतीपाशी कुणी नसतं.

गाव मात्र सुखात आहे. खिंडीतून अजून कुणाची आत यायची छाती होत नाही. तिथली पोरं दिवा मालवला की निर्धास्त झोपतात. तुम्हीही डोळे मिटा.

अर्ज विचाराधीन आहे.