हन्नाबाईचं पीठ

आमच्या बोरखडीच्या ख्रिस्ती देवळावर कौलं नव्हती, नुसतं गवताचं छप्पर होतं, तेव्हाची ही गोष्ट. गावात हन्नाबाई नावाची एक विधवा राहायची. उपासनेत सगळे मिळून खातात ती प्रभुभोजनाची भाकरी तीच करायची. तिनं भाकरी तव्यावर टाकली की वास नदीपलीकडे जायचा, असं म्हणतात.

हन्नाबाईला मूलबाळ नव्हतं. तिची जाऊ रिबका एकदा चारचौघींत बोलून गेली, "हिला भाकऱ्या थापण्याशिवाय दुसरं काय जमलं?" त्या दिवसापासून हन्नाबाईनं तिच्याशी बोलणं टाकलं. पुढे रिबकाचा नवरा वारला, तरी हन्नाबाई तिच्या दारात गेली नाही. शेवटी एकटी पडलेली रिबका कायमची माहेरी जायला निघाली. तिची गाडी ईस्टरच्या सकाळी सुटणार होती.

त्याच सकाळी हन्नाबाई भाकरी थापायला बसली आणि भाकरी मोडली. दुसरी थापली, तीही मोडली. "पीठ जुनं असेल," बायका म्हणाल्या. ताजं दळून आणलं. तेही चिकटेना. देवळात मंडळी खोळंबली.

हन्नाबाई देवळाच्या दारात येऊन म्हणाली, "तुमच्यातच कुणाच्या तरी मनात अढी आहे. प्रभूनं सांगितलंय, आधी भावाशी समेट करा, मग अर्पण आणा. मिटवा बघू आत्ता!"

थोमा सुतार म्हणाला, "बाई, माझं भांडण फक्त बायकोशी. तेही रोजचंच."

"तेही मिटव!"

सगळे हसले. पण हसता हसता बांधावरून अबोला धरलेले दोघे जण खरंच एकमेकांच्या गळ्यात पडले. हन्नाबाईनं पुन्हा भाकरी थापली. ती पुन्हा मोडली.

इतक्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. रिबकाची गाडी नदीकडे चालली होती. सगळे हन्नाबाईकडे बघायला लागले. थोमाची बायको हळूच म्हणाली, "आता राहिलं कोण, हन्नाबाई?"

हन्नाबाईनं पिठाची परात उचलली आणि ती गाडीमागं धावली. भर प्रवाहात बैल आपोआप थांबले, असं म्हणतात. चाबूक उगारला तरी हलेनात. हन्नाबाई गुडघाभर पाण्यातून गाडीपाशी पोचली.

"पाणी घाल," ती म्हणाली. "माझे हात भरलेत."

रिबका खाली बघत म्हणाली, "माझ्या हातचं चालेल?"

"घाल म्हणते ना."

रिबकानं ओंजळीनं पाणी घातलं, हन्नाबाईनं मळलं. पिठात नदीपेक्षा डोळ्यांचंच पाणी जास्त गेलं, असं म्हणतात. मागून आलेल्या मंडळीनं तवा आणला, काठावर तीन दगड मांडून भाकरी भाजली. ती अशी फुगली की खालचा तवा दिसेना. सगळ्या मंडळीला पुरली, गाडीवानाला पुरली, बैलांनाही तुकडा मिळाला. रिबकाचं सामान गाडीतून उतरलं ते हन्नाबाईच्याच घरात.

आता आमच्या देवळावर पक्कं छत आहे. पण अजूनही प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब विचारतात, "हन्नाबाईचं पीठ कोण मळणार?" मग ज्यांचा अबोला आहे असे दोघे उठतात. एक पाणी घालतो, दुसरा मळतो. भांडण कशावरून झालं, ते कुणी विचारत नाही.

गेल्या ईस्टरला दोन सख्खे भाऊ उठले. दोघांनाही भाकरी येत नव्हती. एका बाजूला करपली, एका बाजूला कच्ची राहिली.

सगळ्यांनी खाल्ली.