कासारआळीचं एकमत

त्या दिवशी कासारआळीत नेहमीसारखीच सकाळ होती. कुणी अंगणात सडा घालत होतं, कुणी शेजाऱ्याच्या सड्यावर घसरून त्याच्या नावाने बोटं मोडत होतं. तेवढ्यात दवंडी आली: आळीची विहीर आता राजाच्या हत्तीखान्याला मिळणार.

राजधानीतल्या इतर विहिरी सरकारी होत्या. ही मात्र आळीच्या मंडळाने गाळ काढून जिवंत केली होती. गाळात पहिला उतरला तो सगुणा कासारणीचा नवरा. तो गेला, तरी मंडळाने विहीर उपसणं सोडलं नाही, आणि सगुणा दर खेपेला दोर धरायला येत राहिली.

मंडळी वाड्यावर धावली. विनवणी करावी की धरणं धरावं, यावरून राजासमोरच त्यांची जुंपली. राजा हट्टी होता. ज्यांचं आपसात पटत नाही त्यांच्या हाती विहीर कशी ठेवू, असं त्याने विचारलं.

"उद्या सगळी आळी दरबारात आणा. कोणत्याही एका गोष्टीवर एकमत दाखवा. एकाचंही मत वेगळं पडलं, तर विहीर हत्तींची!"

संध्याकाळी पारावर बैठक बसली. सूर्य पूर्वेला उगवतो, एवढ्यावर तरी एकमत करू, असं कुणीसं सुचवलं. भिवाजी वैद्य म्हणाले, थंडीत तो जरा दक्षिणेकडे सरकतो. झालं, पुन्हा वाद. शेवटी सगुणा म्हणाली, "उद्याचं मी बघते. तुम्ही फक्त या."

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली आणि आळीकडे वळली.

"मंडळी, आळीत आपलंच म्हणणं बरोबर असतं, बाकीचे उगाच वाद घालतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

सगळे हात एकदम वर गेले. भिवाजी वैद्य तेवढे हाताची घडी घालून उभे. एक मत वेगळं पडलं, म्हणून राजाचा कारभारी विहीर ताब्यात घ्यायला पुढे सरसावला.

"वैद्यबुवा," सगुणाने विचारलं, "तुमचं म्हणणं बरोबर नसतं होय?"

"बरोबरच असतं. ते सांगायला हात कशाला वर करू?"

दरबार खदखदून हसला. राजाने मिशीवरून हात फिरवला, पण हट्ट सोडला नाही.

"हे कसलं एकमत? अशी माणसं विहीर सांभाळणार कशी?"

"महाराज, विहीर उपसायला मत लागत नाही, हात लागतात. समोर आहेत, मोजून घ्या."

वर गेलेले हात अजून खाली आले नव्हते. कुणाचं लक्ष नाही असं पाहून वैद्यबुवांनीही आपला हात हळूच वर केला. राजाने नेमकं तेच पाहिलं, आणि तो पोट धरून हसला.

विहीर कायमची आळीकडे राहिली. सगुणाला साडीचोळी मिळाली, आणि आळीला काठावर बसायला एक कोरीव दगडी बाक.

बाक येऊन बरेच दिवस झाले. तो विहिरीच्या कोणत्या बाजूला ठेवायचा, हे अजून ठरलेलं नाही.